साडेआठच्या नाटकाआधी जेवायचं कुठे?

प्रति,
मुंबई-ठाण्यातल्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक, नाट्यनिर्माते
आणि नाट्यगृहांच्या आजूबाजूचे हॉटेलमालक

विषय : रात्रीच्या प्रयोगाला येणाऱ्या प्रेक्षकांच्या जेवणाबाबत

स. न. वि. वि.

तुम्हा तिघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण वेगवेगळं लिहिलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तसं तोंडी विचारून झालंय. बुकिंगच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "कॅन्टीनचं टेंडर व्हायचंय." हॉटेलात, "मॅडम, जेवण साडेसातनंतर." निर्मात्याचा माणूस बिचारा दारात तिकिटं फाडत होता, त्याने नुसते खांदे उडवले.

मी डोंबिवलीची. वय चौपन्न. गेली तीस वर्षं महिन्याला एक तरी नाटक बघते, आणि पास मागून नाही, तिकीट काढून. आई एकोणऐंशीची. तिला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. गुडघे कुरकुरतात, पण नाटक म्हटलं की सकाळीच साडी काढून ठेवते.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. प्रयोग साडेआठचा. आम्ही पावणेसातला नाट्यगृहापाशी हजर. नाट्यगृहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं लिहिलं की बाकीचे सुटतात. कॅन्टीनचं शटर खाली, त्यावर हाताने लिहिलेला कागद : 'पुढील सूचनेपर्यंत बंद'. त्याच भिंतीवर वीतभर अंतरावर दुसरी पाटी, ही मात्र चांगली लॅमिनेट केलेली : 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई'. दोन्ही पाट्या एकाच माणसाने लावल्या असतील का, असा विचार करत आम्ही रस्त्याला लागलो.

पहिल्या हॉटेलात टेबलांवर मटार सोलायचं काम चाललं होतं. साडेसातला या म्हणाले. दुसऱ्यात फक्त स्नॅक्स : पावभाजी, चीज डोसा, चायनीज भेळ. आईला यातलं काहीच चालत नाही. तिसरं एसी होतं. दारातल्या मुलाने वहीत नाव लिहून घेतलं, आमच्या आधी चार नावं होती. "पंधरा मिनिटं," म्हणाला. पस्तीस लागली. टेबल मिळालं तेव्हा आठला वीस मिनिटं कमी होती. भेंडी, पोळ्या, वरण-भात एवढंच सांगितलं. "दहा मिनिटांत आणतो." त्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवून मी आईला हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं आणि इन्सुलिन दिलं.

ती चूक माझी. ताट समोर आल्याशिवाय सुई काढायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पर्समध्ये साखर ठेवायची, हेही बजावलं होतं, आणि त्या दिवशी मी पर्स बदललेली.

आठ वाजले. आठ दहा झाले. शेजारच्या टेबलावर बारा जणांचा वाढदिवस होता, किचन त्यात अडकलेलं. आईच्या वरच्या ओठावर घाम दिसायला लागला. मग ती म्हणाली, "अगं, दिवे का गेले?" दिवे लख्ख होते. टेबलावर बडीशेपेची वाटी होती, मी त्यातली खडीसाखर वेचून तिच्या तोंडात घालायला लागले. बोटं थरथरत होती, माझीच. गल्ल्यावरच्या मुलाने ते पाहिलं आणि काही न विचारता चहाच्या साखरेचा अख्खा डबा आणून ठेवला, वर चमचा. त्या मुलाचं भलं होवो. दहा मिनिटांत आई माणसात आली, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "पहिली घंटा झाली असेल गं."

जेवण सव्वाआठनंतर आलं. अर्धं पोटात, अर्धं पार्सल. नाट्यगृहाच्या दारात ते पार्सल काढून घेतलं. गार्डच्या टेबलावर दोन हेल्मेटं होती, त्यांच्या शेजारी आमची भेंडी. तिसरी घंटा होऊन गेली होती, म्हणून बॅटरीच्या उजेडात, लोकांचे पाय तुडवत, माफी मागत आम्ही जागेवर बसलो. मध्यंतरात आईने बाहेरच्या पायरीवर बसून फॉइलच्या डब्यातली गार भेंडी खाल्ली. पाचशे रुपयांची दोन तिकिटं होती.

आता तक्रारी.

हॉटेलमालकांनो, आधी तुमच्याशी बोलते, कारण घोडं पेंड खातं ते तुमच्याकडे. साडेआठच्या प्रयोगाचा हिशेब मांडून बघा. निदान सव्वाआठला नाट्यगृहात असायला हवं, कारण बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग असते आणि म्हातारं माणूस जिना सावकाश चढतं. चालायला, आईच्या चालीने, दहा मिनिटं. म्हणजे आठला बिल हातात हवं. साधं ताट जेवायलासुद्धा अर्धा तास लागतो. म्हणजे साडेसातला ताट समोर हवं, ऑर्डर सव्वासातला गेलेली हवी. आणि तुमचा तवा तापतो साडेसातला. तंदूर तर त्याहून उशिरा. दुपारी साडेतीननंतर तुम्ही किचन धुता, पोरं पाठ टेकतात, तेही मला मान्य आहे. पहाटेपासून उभी असलेली पोरं आहेत ती. पण एका मालकाने मला विचारलं, "ताई, दोन टेबलांसाठी पावणेसातला गॅस कोण जाळणार?" दोन टेबलं कुठून? तुमच्या दारापासून दोनशे पावलांवर सात-आठशे माणसं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उपाशी पोटी येणार आहेत. क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी मोठा टीव्ही लावता ना? मग नाटकाच्या तारखा तर महिनाभर आधी ठरलेल्या असतात. कधी शेजारी जाऊन विचारल्यात?

आणि प्रयोग सुटल्यावर म्हणाल, तर तेव्हा तुमच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढलेल्या असतात. 'लास्ट ऑर्डर झाली.' आम्हाला डोंबिवलीची गाडी पकडायची असते, ते वेगळंच.

व्यवस्थापकांनो, तुमची मनाईची पाटी मला पटते. खरंच. प्रेक्षागृहात खाऊ नये. नटाने पॉज घेतलाय, सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलंय, आणि मागच्या रांगेत वेफर्सचं पाकीट चुरचुरतं, तेव्हा माझ्याही मनात हिंसक विचार येतात. उंदरांचं कारणही खरं आहे. पण पाटी 'आत' म्हणते तेव्हा तो 'आत' कुठून सुरू होतो? प्रेक्षागृहाच्या दारापासून की फाटकापासून? लॉबीत बसून दोन घास खाल्ले तर कुठल्या उंदराचं फावतं? कॅन्टीन चालू असताना याच लॉबीत आम्ही बटाटेवडे खात होतोच की.

वड्याचा विषय निघालाच आहे, तर सांगते. दादरच्या शिवाजी मंदिरचा वडा आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा वडा, यांवर घराघरांत वाद झालेत. नाटक आठवत नाही, वडा आठवतो, असे लोक मला माहीत आहेत. आमच्या शेजारचे एक काका दुसऱ्या अंकाचा दर्जा मध्यंतरातल्या वड्यावर ठरवतात. पण वडा ही मध्यंतराची गोष्ट आहे. दहा मिनिटं, एक खिडकी, पन्नास हात पुढे. ते जेवण नव्हे, आणि मधुमेही माणसाचं तर नव्हेच. आता काही ठिकाणी तोही गेला आणि त्याच्या जागी बटण दाबलं की पाणचट कॉफी देणारं मशीन उभं राहिलं.

निर्मात्यांनो, तुमच्याकडे दोनच तक्रारी. एक, बऱ्याचदा साडेआठ छापता आणि पडदा आठ पन्नासला उघडता. आम्ही घास कोंबत धावत यायचं आणि मग वीस मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं. त्या वीस मिनिटांत आई नीट जेवेल. दोन, जाहिरातीत प्रयोग कितवा हे असतं, कलाकारांचे हसरे चेहरे असतात, पण मध्यंतर किती वाजता आणि नाटक सुटणार किती वाजता हे नसतं. त्या एका ओळीवर आमची गोळी, सुई, शेवटची लोकल आणि घरी थांबलेल्या माणसाचं जेवण, सगळं ठरतं.

हे असं का झालं, याचा मी विचार केलाय. संगीत नाटकांच्या जमान्यात खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचे. माणसं घरून जेवूनच यायची. पुढे नाटक आटोपशीर झालं, माणसं लांब राहायला गेली, लोकलच्या वेळा आल्या, तसा रात्रीचा प्रयोग अलीकडे सरकला. जेवणाची वेळ मात्र होती तिथेच राहिली. पुण्याच्या माझ्या मामेभावाला तर हा प्रश्नच कळत नाही. त्यांच्याकडे रात्रीचा खेळ बहुतेक साडेनऊचा. टिळक स्मारकला नाटक असलं की हा त्याच रस्त्यावर बादशाहीत जेवतो आणि हात पुसत नाटकाला जातो. "तुम्ही मुंबईचे लोक उगाच धावपळ करता," हा त्याचा निष्कर्ष. साडेनऊला सुरू होणारं नाटक बघून कल्याण-कर्जतला कसं पोचायचं, हे त्याने सांगावं.

जमत नाही असं मात्र नाही. माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिरात नाटक असलं की मी निर्धास्त असते. पूर्वेला स्टेशनासमोर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 सालचं. जिना चढायचा, कूपन घ्यायचं, रांगेत थांबायचं, बोलावलं की बसायचं. केळीच्या पानावर वाढप सुरू होतं ते थांबतच नाही. मेन्यूकार्ड नाही, त्यामुळे 'काय घेऊ या' या चर्चेतली दहा मिनिटं वाचतात. तिथून झेड ब्रिजवरून पश्चिमेला उतरायचं, की चालत नाट्यगृह. आईला तो पूल जमत नाही, म्हणून टॅक्सी करते, ती वळसा घालून जाते. पण ताट वेळेवर मिळतं. दादरला शिवाजी मंदिर असलं तर साबुदाणा वड्यासाठी प्रकाश किंवा स्टेशनाजवळ मामा काणे, पण ते पोटाला आधार म्हणून. (प्रकाशमधलं पीयूष पिऊन नाटकाला बसू नये, पहिल्या अंकात डोळा लागतो. स्वानुभव.) गिरगावात साहित्य संघाला नाटक असलं की आधी खोताच्या वाडीत अनंताश्रमात मासे खायचे आणि मग नाटक, असं सांगणारी मंडळी अजून भेटतात. अनंताश्रम बंद होऊन बरीच वर्षं झाली. मंडळी मात्र अजून त्याच चवीबद्दल बोलतात, नाटकाबद्दल नाही.

माझे वडील लग्नाआधी लालबागला राहायचे, गिरणीत होते. गावाहून एकटे आलेले, त्यामुळे जेवण खाणावळीत. परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटक असलं की खोलीतले सगळे निघायचे. खाणावळ चालवणारी बाई होती, बाबा तिला मावशी म्हणायचे. ती सकाळीच विचारायची, "आज खेळ आहे ना रे?" आणि त्या दिवशी संध्याकाळी पहिली पंगत नाटकवाल्यांची. बाकीचे कुरकुरायचे, तर ती म्हणायची, "तुम्हाला काय, तुम्ही नुसते झोपणार." तिच्याकडे ना फोन, ना ॲप. चुलीपुढे बसलेल्या बाईला नाटकाची वेळ ठाऊक होती.

लंडनला माझी भाची असते. तिथल्या वेस्ट एंडमध्ये, जिथे नाट्यगृहं ओळीने उभी आहेत, आजूबाजूची हॉटेलं 'प्री-थिएटर मेन्यू' ठेवतात. नाटक साधारण साडेसातचं, म्हणून हा मेन्यू संध्याकाळी लवकर सुरू. दोन किंवा तीन पदार्थ, निवड थोडी, भाव ठरलेला. भाची सांगत होती, वेटर पाणी ओततानाच विचारतो की शो किती वाजता आहे. मला ते सूप आणि पुडिंग नको. तो प्रश्न हवाय.

तर माझं मागणं.

नाट्यगृहाच्या आसपासच्या हॉटेलांनी प्रयोग असेल त्या दिवशी पावणेसातपासून एकच 'नाटकाचं ताट' द्यावं. दोन पोळ्या किंवा भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ, वरण-भात, ताक. मासे देणाऱ्यांनी मासे द्यावेत, मी अडवणार नाही. हे सगळं तुमच्या संध्याकाळच्या तयारीत असतंच, वेगळं काही शिजवायचं नाही. भाव पाटीवर लिहा, पैसे आधी घ्या, म्हणजे बिलाची वाट बघणं संपलं. नाटकाचं तिकीट दाखवणाऱ्याला पहिलं टेबल द्या. पावणेआठला आम्ही उठतो आणि तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला टेबल मोकळं. एकाच टेबलावर एक पंगत जास्त उठते. याहून सोपा धंदा मला तरी दिसत नाही. आणि कुणी म्हातारं माणूस 'इन्सुलिन घ्यायचंय' म्हणालं, तर 'दहा मिनिटं' ही थाप नको. वीस लागणार असतील तर वीस सांगा.

व्यवस्थापकांनी महिन्याच्या प्रयोगांचं वेळापत्रक शेजारच्या हॉटेलांना पाठवावं. एक व्हॉट्सॲप मेसेज, पैसा लागत नाही. कॅन्टीनचं टेंडर लागायचं तेव्हा लागो, तोवर लॉबीत घरचा डबा खायला परवानगी द्या, चार बाक आणि एक कचऱ्याची बादली ठेवा. दारात काढून घेतलेला डबा निदान हेल्मेटांशेजारी ठेवू नका. नवीन कॅन्टीनवाल्याच्या करारात एवढी एक अट घाला : प्रयोगाच्या दीड तास आधी पोळीभाजी तयार हवी. वडा तो करेलच, त्यासाठी अट लागत नाही.

निर्मात्यांनी जाहिरातीत आणि तिकिटावर दोन आकडे छापावेत, मध्यंतर किती वाजता आणि प्रयोग सुटणार किती वाजता. आणि साडेआठ म्हणजे साडेआठ. कुणी पाहुणे यायचे असतील, तर त्यांनीही आमच्यासारखं अंधारात पाय तुडवत यावं.

5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत केलेल्या प्रयोगाचं स्मरण होईल, नटराजाची पूजा होईल, आणि कुणीतरी व्यासपीठावरून विचारेलच की प्रेक्षक कमी का झाले. माझ्या ओळखीत साठीच्या पुढची चार माणसं आहेत ज्यांनी रात्रीचा प्रयोग सोडला. त्यांतल्या एकानेही मला नाटक आवडत नाही असं सांगितलं नाही. एकाला पित्त होतं, दोघांना साखर, एक बाई म्हणाल्या की नाटकाहून घरी येऊन रात्री साडेबाराला वरण-भाताचा कुकर लावायचा कंटाळा येतो. आता हे सगळे दुपारच्या प्रयोगाला येतात, किंवा येतच नाहीत.

आमची पुढची तिकिटं काढून झालीत, पुढल्या शनिवारची, रात्री साडेआठ, ई रांग, कडेच्या दोन खुर्च्या. आम्ही साडेसहाला त्या परिसरात असू. कुणाचं किचन उघडं असलं तर दारावर खडूने तसं लिहा, आम्ही शोधत येऊ.

आपली,
डोंबिवलीची एक प्रेक्षक

ता. क. : त्या रात्री प्रयोग सुटल्यावर आईला विचारलं, नाटक कसं वाटलं. म्हणाली, "दुसरा अंक चांगला होता. पहिल्याचं मला काही विचारू नकोस." पुढल्या शनिवारी डबा बरोबर घेणार आहोत. गार्डकाकांना सांगून ठेवलंय, ते म्हणाले, "माझ्या टेबलाखाली ठेवा, वर नको."